दर्याचा नारळ वाळूवर ठेवला, तेव्हा

देवाधर्मात माझी खोट काढील असा माणूस तारापूरच्या किनाऱ्यावर नव्हता; पण सख्ख्या धाकट्या भावाशी दोन वर्षं अबोला. सुकाणू माझ्या हातात असताना होडी वाळूत रुतली आणि गावासमोर मी बोट दाखवलं त्याच्याकडे. तेव्हा तो गप्प झाला तो झालाच. मी मनात म्हणायचो, असेना का चूक माझी, पण मोठ्या भावाशी एवढा ताठा?

बोईसरला कारखाने वाढत होते तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याआधी मी होडीवरून ऐटीत उडी मारली आणि पाय मोडून घेतला. पालघरच्या दवाखान्यात वसईकडची एक सिस्टर होती. माझी बडबड थांबावी म्हणून असेल, तिने ख्रिस्ती धर्मग्रंथाचा येशूच्या चरित्राचा भाग हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो उघडत होतो. सुरुवातीलाच नावंच नावं, अमक्याचा मुलगा तमका. वाटलं, सोयरीक जुळवायला कुळाची चौकशी चाललीय. पुढे मासे मारणारे भेटले आणि मी उठून बसलो. आपलीच माणसं! पण ती जाळी टाकून येशूच्या मागे निघाली, तेव्हा राहवेना.

"सिस्टर, ही जाली आता धुनार कोन? म्हातारा बाप होडीत एकटा हाय!"

"दादा, पुढे वाचा."

पुढे वाचलं आणि फसलो. देवाला काही वाहताना भावाच्या मनात तुझ्याविषयी सल आहे असं आठवलं, तर ते तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, अशा अर्थाचं होतं. मी खूश होऊन पानाचा कोपरा दुमडला, धाकट्याला वाचून दाखवायला! तिसऱ्यांदा वाचताना डोक्यात प्रकाश पडला. सल त्याच्या मनात. म्हणजे जायचं मीच.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा मान त्या साली माझ्याकडे. बाजा वाजतोय, भरती चढलीय, आणि मला नेमकं ते पान आठवलं. नारळ वाळूवर ठेवला आणि काठी टेकत मागे फिरलो. बाजा थांबला.

"बाटला काय रं ह्यो?" कुणीतरी ओरडलं; दवाखान्यातल्या ग्रंथाची बातमी गावात आधीच पोचली होती.

"नाय गो," एक म्हातारी म्हणाली, "पायावर पडला, तवा डोक्यावर बी पडला असंल!"

धाकट्याचं घर किनाऱ्यालगतच, पण मला ते पार आत डोंगराकडच्या मनोरइतकं लांब वाटलं. तो दारातच उभा होता, पायांत चपला चढवून.

"होडी मी घातली वाळूत. तू नाय."

"सगल्या गावाला ठावं हाय. तुलाच कोनी सांगितलं नवतं." मग काठीकडे बघत म्हणाला, "खांदा धर, दाद्या. भरती थांबनार नाय."

नारळ दोघांनी मिळून दिला.

देवापुढे लोटांगण घालणं सोपं, तो उलट बोलत नाही. भावापुढे मान लववणं, ती खरी शरणागती. ती मला परक्या ग्रंथाने शिकवली. धाकटा त्या दिवशी कुठे निघाला होता, ते मी आजवर विचारलं नाही. मी निघायच्या आधीच कुणीतरी त्याला माझ्याकडे यायला उठवलं होतं, एवढं मानतो. त्या कुणीतरीला रोज हात जोडतो, नाव विचारत नाही.