विहाराच्या वाटेवरचं फाटक

थांब, फोन ठेवू नको, आधी माझं ऐकून घे. फोन केलास की तुझं एकच पालुपद, "आत्या, घरात कोंडून घेऊ नको गं. तुमच्या लेआउटमध्ये एवढा छान ट्रॅक आहे, खुर्चीत बसून फिरून येत जा." अगं शहाणे, तू तो ट्रॅक पाहिलास तेव्हा माझे पाय चालत होते. आता जरा खुर्चीत बसून बघ, मग सल्ला दे.

बुलढाण्याच्या टोकाला आमची ही लेआउटची वस्ती. घरांच्या मागच्या मोकळ्या जागा एकमेकींना जोडून लोकांनी ही वाट केली. खाली सिमेंटचे गट्टू बसवलेत, दोन्ही अंगाला करंज आणि कडुनिंब. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुढे चालणाऱ्या बाईची नुसती छत्रीच तरंगताना दिसते. वाट संपते ती विहाराच्या अंगणात. विहाराला पायऱ्यांच्या बाजूला उतार आहे, धरायला दांडी आहे. सगळं आहे, बाई. फक्त वाटेच्या तोंडाशी लोखंडी पाइपांचं वळणाचं फाटक आहे. माणूस अंग चोरून आडवा होऊन निघून जातो. ढोर अडकतं, मोटरसायकल अडकते. आणि खुबा मोडल्यापासून मीही अडकते.

सडकेनेही विहारात जाता येतं म्हणशील. तर त्या बाजूच्या नालीवर झाकण नाही आणि ट्रक अगदी पदराला घासून जातात. सुनेनं एकदा तिकडून नेलं, दर ट्रकला खुर्ची थांबवून धरत घरी आणलं. त्यानंतर मीच नको म्हटलं.

आता जायचं कशाला इतकं, तेही सांगते. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आमचा वर्षावास. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा. मी शाळेत गेलेली नाही, पोराच्या पाटीवर त्याच्याबरोबर अक्षरं गिरवून शिकले. तरी ग्रंथ फिरून फिरून माझ्याच पुढ्यात यायचा. मी वाचता वाचता थांबते, अवघड शब्द आला की आपल्या शेतातला, चुलीजवळचा दाखला देते. बाया म्हणतात, तुम्ही वाचलं की समजते.

तर यंदा आषाढ पौर्णिमेला पांढरं पातळ नेसून मी तयार झाले. सुनेनं खुर्ची ढकलत फाटकापर्यंत आणली. बाया वाट पाहतच होत्या. शेजारीण म्हणाली, "जयभीम ताई! काऊन थांबल्या? आम्ही उचलतो न तुमाले!" चौघींनी चार कोपरे धरले.

"बाप्पा! ताई, वजन लय वाढलं तुमचं."

"तुह्या घरचे पोहे खाऊन वाढलं," मी म्हटलं. सगळ्या हसल्या, खुर्ची कलली, माझा दुखरा पाय पाइपात अडकला आणि मी ओरडले, "ठेवा खाली! मले खाली ठेवा!"

त्या दिवशी घरी आल्यावर पातळ बदलायलाही मन होईना.

फाटक ज्यांनी पुढाकार घेऊन बसवलं ते भाऊजी दुसऱ्या दिवशी पायाला काय लागलं ते पाहायला आले. मी म्हटलं, "भाऊजी, बाजूले एक कडीचं छोटं फाटक करा. खुर्ची जाईन एवढं."

"वहिनी, लोकं कडी लावत नाईत. ढोरं घुसतीन, सारी झाडं खाऊन टाकतीन."

"मंग मी काय ढोर हाव का अडवाले?"

"तसं नाई हो वहिनी..." आणि चहा पिऊन गेले. माणूस वाईट नाही. उन्हाळ्यात डोक्यावर घागरी वाहून त्यांनीच ती झाडं जगवली.

मग बायांनीच तोड काढली. शेजारीण येऊन म्हणाली, "तुमी येऊ शकत नाई तं आम्ही येतो. यंदा वाचन तुमच्या अंगणात!" मला किती भरून आलं सांगू! तेव्हापासून संध्याकाळी अंगणात सतरंजी पडते, मी वाचते, सून चहा करते. सगळ्या समाधानानं घरी जातात. आणि मी त्यांच्या पाठी पाहत बसते.

कारण बघ, बाहेर जायचं एकच निमित्त होतं, तेही उंबऱ्याच्या आत आलं. खुर्ची ढकलायला सांगितलं तर सून म्हणते, "आता कशाले जाता आई? विहार तं घरी आला." भाऊजींना फाटकाची आठवण करून द्यावी तर, "तुमचं तं जमलं न वहिनी!" बाया त्याच वाटेनं येतात, पदराला करंजाची पानं चिकटलेली असतात, आणि मी विचारते, आज धुकं होतं का गं? माझ्याच घरामागच्या वाटेची खबर मी दुसऱ्यांना विचारते. भिंत तीच, अंगण तेच. दिवसभर खुर्ची फाटकाकडं तोंड करून असते.

परवा ठरलं की अश्विन पौर्णिमेला समारोप विहारातच करायचा, खीर तिथंच वाटायची. शेजारीण लाडानं म्हणाली, "ताई, तुमची खीर आम्ही घरी आणून देऊ. शेवटचं पान आदल्या दिवशी वाचून ठेवजा." मी "हाव" म्हटलं. काय म्हणणार? ज्या बाया माझ्यासाठी रोज पाय झिजवतात त्यांना, तुमच्या मायेनं मला कोंडलं, असं कोणत्या तोंडानं सांगू? पण शेवटचं पान मला विहारातच वाचायचं आहे. सगळ्यांसोबत बसून, खुर्ची कोणी न उचलता.

म्हणून म्हणते, तू त्या पौर्णिमेच्या आधी ये. माझ्या वतीनं भांडायला नको. भाऊजींशी आणि बायांशी मीच बोलेन, त्या फाटकापाशी जाऊन. फक्त तेव्हा माझ्या खुर्चीच्या मागे असं माणूस पाहिजे, जे मध्येच मला घराकडं वळवणार नाही. बुलढाण्याला रेल्वे नाही हे कारण सांगू नको, एसटी आहे. लवकर येजो माय.