माझ्या मसाल्यातली वीट

फोनमधलं सगळं डिलीट करून जागा करता येते हो, पण चाळीच्या ग्रुपचे किस्से कुठे डिलीट होतात? ते डोक्यात साठतच जातात. आता हा यंदाचाच घ्या ना!

मी काळाचौकीत घरगुती मालवणी मसाला करते. एप्रिल-मे एवढाच सीझन, त्यावर माझं वर्ष निघतं. गच्चीवर मिरच्या वाळत पडलेल्या, आणि चाळीच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडला: "विटेची भुकटी! काळाचौकीच्या वहिनींचा मालवणी मसाला." संध्याकाळपर्यंत निम्म्या ऑर्डरी कॅन्सल! आधी मी ढसाढसा रडले, मग भडकले, मग पदर खोचला आणि हे कोणाचं काम ते शोधायला निघाले.

*

पहिलं धरलं किरणला. तो ग्रुपचा अॅडमिन. "तुझ्या ग्रुपवर माझी बदनामी चाललीय, आणि तू झोपा काढतोस?"

"वहिनी, ग्रुप मी पाण्याच्या टायमिंगसाठी काढलाय. पाणी गढूळ आलं तर मला बोला!"

*

आमचे हे लोअर परळला ऑफिसात. फोन केला तर म्हणाले, "जबाबदारी अॅपवाल्या कंपनीची. कम्प्लेंट टाक."

टाकली. दोन मिनिटांत उत्तर हजर: "आमची सेवा कशी वाटली? स्टार द्या!"

एक दिला. तेवढंच समाधान.

*

ग्रुपवर मेसेज टाकला होता तळमजल्यावरच्या परब आजोबांनी. जन्म गिरणीत गेला, बोलणं अजून पक्कं मालवणी.

"आजोबा, पाठवायच्या आधी वाचलात तरी का?"

"चष्मो खंय होतो माझो? इलो, धाडलंय. पोस्टमन काय पत्रां वाचता?"

कप्पाळ माझं! वर मलाच विचारतात, "च्या पितंस?" प्याले. चहा पितापिता कळलं, त्यांना तो मेसेज शिंदेबाईंकडून आलेला.

*

शिंदेबाई रिटायर्ड शिक्षिका. मला वाटलं, इथे तरी न्याय मिळेल.

"हे बघ, मी त्याच्या वर वेगळ्या मेसेजात स्पष्ट लिहिलंय, 'खरं-खोटं माहीत नाही.'"

"मग पाठवलात कशाला, बाई?"

"अगं, माहीत असतं तर कशाला पाठवला असता?"

*

बाईंना पाठवणाऱ्या सावंतवहिनी. दारातच बांगड्याच्या तिखल्याचा वास! आणि मसाला कोणाचा? माझा! झोपेतही ओळखीन मी.

"माझाच मसाला खाता, आणि वर असले मेसेज पाठवता?"

"अगो, ह्यो गेल्या वर्षीचो! तेव्हा विटा नव्हत्या!"

हसू की मारू, तेच कळेना. त्या दादरच्या एका भजनी मंडळात जातात, तिथल्या ग्रुपवर त्यांना हा मेसेज मिळालेला. आणि तिथे टाकणारी कोण? माझी सख्खी मावशी!

*

टॅक्सी केली आणि तडक दादर गाठलं.

"मावशी, तू? अगं, माझ्या पोटावर पाय आणलास की!"

मावशीचा चेहराच पडला. "अगं, मी तर तुझी जाहिरात केली! मंडळातल्या बायकांना लांबलचक वाचायचा कंटाळा. म्हणून वरची एक ओळ काढली, खालची एक काढली, आणि सुटसुटीत करून पाठवलं. मूळचा तूच तर पाठवलेलास गेल्या वर्षी!"

तिने फोन पुढे केला. वाचलं:

"बाजारच्या मसाल्यात काय असतं?
विटेची भुकटी!
काळाचौकीच्या वहिनींचा मालवणी मसाला.
एकदम शुद्ध!"

शब्द न् शब्द माझा. मी पुन्हा वरपासून वाचलं.

मावशीने पाण्याचा पेला हातात दिला, शेजारी टेकली आणि अगदी सहज विचारलं, "पण काय गं, बाजारच्या मसाल्यात विटेची भुकटी असते, हे तुला कोणी सांगितलं?"

"अगं... मेसेज आलेला ना!"