झाडलेला माळ

माझ्या आत्याला चिडवायचं असेल तर एकच शब्द पुरे: पडीक. बाबा तो कशालाही लावायचे. बंद पडलेली स्कूटर पडीक, सुट्टीच्या दिवशी अंथरुणात लोळणारी मी पडीक, आणि आजोबांनी वाटणीत आत्याला दिलेला गावाबाहेरचा खडकाळ माळ तर जन्माचाच पडीक. नवऱ्याने सोडल्यावर आत्या माहेरी आली, तेव्हा शेजारच्या एका बाईने तो शब्द तिलाही लावून पाहिला. त्या दिवसापासून आत्याने तिला झाडू विकला नाही. अठरा वर्षं झाली.

हो, झाडू. त्या माळावर पुरुषभर उंच गवत येतं आणि त्याचे झाडू आत्या बांधते. बांधणी अशी घट्ट की वर्षभर काडी गळत नाही. कापणी झाली की ती अख्खा माळ झाडून काढते. पाचोळा राहिला तर सांडलेलं बी वरच्या वर वाळून जातं, मातीला टेकत नाही, असं तिचं म्हणणं. हसणारे हसतात. गवत मात्र दरवर्षी येतं.

नेमकी तिथेच माशी शिंकली. कचराडेपोसाठी जागा शोधणारा साहेब आला तो झाडणीच्या दुसऱ्या दिवशी. त्याला दिसले फक्त लख्ख दगडगोटे. कागदावर ‘पडीक’ लिहून तो गेला, आणि आठवड्याने नोटीस आली: जमीन महिन्याभरात ताब्यात घेणार.

बाबा म्हणाले, जरा नमतं घे, दुसरीकडे तुकडा मागू. आत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सकाळी गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती कचेरीत गेली आणि साहेबाच्या टेबलासमोर फरशीवर बसून झाडू बांधायला लागली. मी सोबत होते, लाजेने अर्धी झाले होते. पंख्याच्या वाऱ्याने कुसळं उडून फायलींवर बसत होती. शिपाई उठवायला आला, तर तिने कोपऱ्यातल्या झाडूकडे बोट दाखवलं. मुठीची बांधणी तिचीच होती. शिपाई मागे फिरला.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी शिंकून शिंकून बेजार झालेला साहेब म्हणाला, “बाई, जमिनीवर काही असेल तर दाखवा.”

“दाखवते. गवत वाढल्यावर या. तोवर ताबा घेणार नाही असं लिहून द्या.”

नाइलाजाने का होईना, त्याने लिहून दिलं.

ठरल्याप्रमाणे तो आला, गवतात शिरला आणि दहा पावलांत दिसेनासा झाला. हद्दीचा दगड सापडेना, परतीची वाट सापडेना. आत्या बांधावर शांत बसून होती. शेवटी आतून हाक आली, “बाई, कुठे आहात?” मग तिने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि त्याच्याच फायलीतला तो कागद पुढे केला. त्याने तो शब्द खोडला. मी बघत होते, दोनदा खोडला.

कापणी झाली तेव्हा बाबा म्हणाले, यंदा झाडू नकोस, चार काड्या दिसू देत, उगाच पुन्हा कुणाच्या डोळ्यांवर यायला नको. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं.

आत्याने बाह्या सरसावल्या. “साहेबाच्या डोळ्यांसाठी मी माझं बी वाळवू?” म्हणाली, आणि एक झाडू माझ्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी माळ लख्ख केला. माझी कंबर अशी धरली की दुसरा अख्खा दिवस मी अंथरुणात होते. बाबा दोनदा दारात येऊन गेले, पण तो शब्द काही त्यांनी तोंडातून काढला नाही.