धाकटीची जागा

आमगावच्या त्या घरातून मला कधी बोलावणं येत नसे, आणि त्याचाच मला केवढा तोरा होता! बाकीची गिऱ्हाईकं निरोप पाठवायची, माणूस धाडायची, पुढे पुढे मिस कॉल द्यायची. या घराचं तसं नव्हतं. घरात लग्न ठरल्याची कुणकुण लागली की मी आपणहून जायचं आणि छपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, भिंतीवर नवरा-नवरीचं नाव लिहायचं. हे कोणी ठरवलं आणि कधी ठरवलं, विचाराल तर सांगता येणार नाही.

मी पेंटर. तरुणपणी स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायची हौस होती, ती गोंदियाजवळच्या आमच्या मुर्री गावच्या लोकांनी लवकरच उतरवली. दुकानांच्या पाट्या, राइस मिलच्या लांबलचक भिंती, शाळेतले सुविचार, ट्रॅक्टरच्या मागची आई-वडिलांची कृपा, सगळं केलं. कोणाची नोकरी मात्र केली नाही. माझ्या स्वभावाला ती झेपलीही नसती. 'र' जरा जाड कर म्हणणाऱ्याला मी ब्रश हातात देऊन 'तुम्हीच करा' म्हणायचो.

खरा जीव रमायचा तो लग्नाच्या भिंतींत. आमच्याकडे भिंत रंगवल्याशिवाय ते लग्नघर वाटतच नसे. मधोमध गणपती, दोन्ही अंगांना केळी, वर मोर, खाली नावं. पुढच्या दिवाळीला भिंतीवर चुन्याचा हात फिरला की सगळं गुडूप. आपली कला एका दिवाळीपुरती, हे मी धरूनच चाललो होतो.

त्या घरी मी पहिल्यांदा गेलो ते नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात, थोरलीच्या लग्नाला. तीन मुलींचं घर, धानाची शेती. पूर्वज कधीकाळी माळव्यातून आलेले, त्यामुळे आपसात पोवारी बोलत आणि माझ्याशी आपली झाडीबोली. मुलींच्या आईला मी काकी म्हणू लागलो. मी पोचल्यावर त्यांनी आतून पत्रिका आणली, तिच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, माझ्या ब्रशच्या दांडीलाही लावलं, आणि म्हणाल्या, "हे पाहून लिव. आन हेच तुहं आवतन. जेवाले बायकोले घेऊन येजो." कामाची पत्रिका आणि आमंत्रण एकच. मला ते फार आवडलं.

हळद लागली की त्या घरात भिंतीवर नवं नाव कोणी लिहायचं नाही, असा त्यांचा रिवाज. म्हणून नाव आदल्या दिवशीच पुरं व्हायला हवं. मी ते केलं, जेवलो, लग्नाला गेलो आणि विसरलो.

दिवाळीच्या आधी दुसऱ्याच कामासाठी आमगावला गेलो होतो. सहज त्या घरावरून सायकल काढली, तर काय! सगळी भिंत पांढरीशुभ्र, गणपती गेला, मोर गेले, केळी गेल्या. पण थोरलीचं नाव जागच्या जागी. अक्षरांच्या कडाकडांनी कोणीतरी बोटाला चिंधी गुंडाळून चुना लावला होता. काकी छपरीतच बसल्या होत्या. मी भिंतीकडे पाहतोय हे बघून म्हणाल्या, "पोरगी तं गेली. नाव बी पुसून टाकाव का?"

आयुष्यात मला एवढी मोठी शाबासकी कोणी दिली नाही. मी तिथेच डबा उघडला आणि नावावर पुन्हा रंगाचा हात फिरवला. तेव्हापासून दर दिवाळीआधी, लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला की मी आमगावची पॅसेंजर पकडायचो. नाव उजळायचं, जेवायचं, नवे पोहे पिशवीत घेऊन परत यायचं.

मधलीच्या लग्नाच्या वेळी काकींनी पत्रिका देताना बजावलं, "अजून एक हाये घरात. जागा ठेवजो." मग मी ती भिंत पहिल्यांदा नीट मांडली. दोरा ताणून, सूत मारून तीन चौकटी केल्या. थोरलीच्या चौकटीतून एक वेल काढला, तो मधलीच्या नावावरून नेला आणि तिसऱ्या, रिकाम्या चौकटीच्या तोंडाशी आणून सोडून दिला. शेंड्याला एक कळी ठेवली. धाकटीच्या लग्नात तिचं फूल करायचं होतं.

ही धाकटी म्हणजे तिखट पोर. थोरलीच्या लग्नात शाळेत होती, तेव्हाच माझ्या मोराकडे बोट दाखवून म्हणाली होती, "पेंटर दादा, याचे पाय कोंबडीवानी झाले." खरंच झाले होते. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी मोर तिथेच टाकून घरी गेलो असतो. तिच्यासाठी पुसून पुन्हा काढले. पुढे दर दिवाळीला ती रिकाम्या चौकटीसमोर उभी राहायची आणि हाताने माप घ्यायची.

"माहं नाव यात मावल का?"

"तुझं मावते. नवऱ्याचं लांबलचक असलं तर दुसरा पाहा."

"तुमी बारीक लिवा."

"मी बारीक लिहत नाही."

तिच्या नावात एक जोडाक्षर होतं. अक्षर लिहिणाऱ्यालाच कळेल, काही जोडाक्षरं हाताला गोड लागतात. ते मी वर्षानुवर्षं गिरवलं. जुन्या वर्तमानपत्रांवर, पाट्यांच्या मागच्या बाजूला, एकदा तर बायकोच्या कणकेच्या परातीत. ती म्हणायची, "लग्न त्या पोरीचं, आन घाई तुम्हाले." घाई होतीच. मला स्वतःची मुलगी नाही. पण ते कारण नव्हे. तसं सांगितलं तर सोपं होईल. मला ते नाव लिहायचं होतं, एवढंच. एवढी वर्षं कामं केली, त्यात जन्माचं म्हणावं असं एकच काम होतं, आणि ते अजून व्हायचं होतं.

मधल्या काळात फ्लेक्स आला. तो आला आणि माझी गिऱ्हाईकं पानगळीसारखी गेली. एकाच्याही मनात वाईट नव्हतं. ज्याच्या मिलची भिंत मी पहिल्या दिवसापासून रंगवत आलो त्या शेठनी चहा पाजला आणि म्हणाले, "बुरा मत मानना पेंटर भैया, अभी तो दो घंटे में बनके आ जाता है." मी काही बुरा मानला नाही. फक्त त्या रस्त्याने जाणं बंद केलं. हळूहळू गोंदियात जायला मला रस्तेच उरले नाहीत. शेवटी एका फ्लेक्सच्या दुकानात अक्षरं जुळवायला बसू लागलो, आठवड्यातले काही दिवस. तिथले लोक गिऱ्हाईक कसं टिकवायचं यावर फार बोलत. कस्टमरला फोन करत राहा, सणाला मेसेज टाका, वाढदिवस लक्षात ठेवा. मी मनात म्हणायचो, माझं एक घर आहे, तिथे फोन करावा लागत नाही की मेसेज टाकावा लागत नाही. आमच्यात तसलं काही नाही.

धाकटीचं लग्न ठरल्याचं मला एका हिवाळ्यात कळलं. लग्न उन्हाळ्यात, आमगावातच. एरवी मी दुसऱ्याच दिवशी गेलो असतो. पण इतक्या दारांतून गोड शब्दांत परत फिरलो होतो की माझा पाय उचलेना. वाटलं, आता ही माणसंसुद्धा संकोचाने चहा पाजतील आणि सांगतील, बुरा मानू नको. त्या एका घरातून मला ते ऐकायचं नव्हतं. म्हटलं, त्यांना हवं असेल तर बोलावतील की एकदा. एक फोन. आता तर सगळ्यांच्या खिशात फोन असतो.

उन्हाळा आला. मी फोन उशाशी घेऊन झोपायचो. बायको म्हणाली, "जाऊन या ना." मी म्हटलं, "पत्रिका कुठे आली?" ती म्हणाली, "पत्रिका तं तुम्ही गेल्यावरच देतात." मी म्हटलं, "ते जुनं झालं." ती उठून आत गेली. मी घालवलं असं म्हणा.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात दुकानाचं एक काम घेऊन मी आमगावच्या बाजूला गेलो. वळणावर वीजखांबाला मोठा फ्लेक्स बांधलेला. धाकटी आणि तिचा नवरा, मागे गुलाबी ढग, कुठलासा परदेशी बगीचा, आणि खाली तिचं नाव. ते जोडाक्षर मशीनच्या सपाट अक्षरात, मेल्यासारखं पडलं होतं. मी दुकानाची गाडी बंद केली आणि ते नाव पुन्हा वाचलं. मग गाडी वळवून घरी आलो. त्या दिवशी मला राग नव्हता आला. रडू आलं होतं.

लग्न झालं. तारीख मला माहीत होती. त्या दिवशी मी घराची कौलं नीट करत वर चढून बसलो आणि जेवायलाही खाली उतरलो नाही.

पावसाळा गेला, धान पिकला. दिवाळी जवळ आली तशी बायको म्हणाली, "माणसांशी भांडण असन. त्या दोन पोरींच्या नावांशी काय भांडण हाये तुमचं?" मी उठलो. डबा घेतला आणि पॅसेंजर पकडली.

घर तसंच होतं. छपरीतली भिंत तशीच. थोरलीचं नाव, मधलीचं नाव, जरा फिकटलेली. आणि तिसरी चौकट. ती बाकीच्या भिंतीपेक्षा जास्त पांढरी होती. चुन्याचे थर चढलेले दिसत होते, त्यात नीळ घातलेली, घोटून गुळगुळीत केलेली. नाव लिहायला तयार केलेली जागा माझ्यासारख्याला लगेच ओळखू येते.

काकी दारात आल्या. त्या वर्षभरात त्यांचे केस पांढरे झाले होते. माझ्याकडे पाहून त्या आत गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "काऊन नाही आलास गा?"

"तुम्ही बोलावलं नाही काकी."

"तुले कवा बोलावलं होतं?"

मी तांब्या खाली ठेवला.

"हळदीच्या सकारपावतर वाट पायली," त्या म्हणाल्या. "मीनं सोताच्या हातानं चुना मारला, सुकला तं पुन्यांदा मारला. पोरगी म्हणे फोन करू. मी म्हनलं, घरच्या मानसाले कायले फोन करा लागते, तो येऊनच रायला असन."

"फ्लेक्स पाहिला मी वळणावर."

"तो जवायाच्या दोस्तायनं लावला. आपल्या घरी कायले पायजे फ्लेक्स?"

त्या पुन्हा आत गेल्या आणि पत्रिका घेऊन आल्या. कोपऱ्यांवरची हळद सुकून तपकिरी झाली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली. मी डब्याशी वाकलो, झाकण उघडलं. ब्रश रंगात बुडवला.

"आता नोको गा," काकी हलकेच म्हणाल्या. "हळद लागून गेली तिले. तिकडची झाली. आता नाव लिवत नसते."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हताच. मी थोरलीचं नाव उजळलं. मधलीचं उजळलं. वेल शेंड्यापर्यंत उजळत नेला आणि कळी होती तशीच ठेवली. काकींनी वांग्याची भाजी आणि भात वाढला. नवे पोहेही बांधून दिले.

त्यानंतर एकही दिवाळी मी चुकवली नाही. तिसऱ्या चौकटीला काकी दर वर्षी तेवढ्याच निगुतीने चुना लावतात. मी त्यांना कधी विचारलं नाही की आता कशासाठी. माझ्याकडे ते जोडाक्षर अजून आहे. कधी कधी हात आपोआप मांडीवर ते गिरवतो आणि माझं मलाच कळतं की मी काय करतोय.

दोन-तीन वर्षांनी एका दिवाळीला धाकटी माहेरी आली होती. कडेवर नुकती बोलायला लागलेली मुलगी. मी मधलीच्या नावाशी होतो. ती मागे येऊन उभी राहिली, माझ्या हाताकडे बघत, पूर्वीसारखीच. मुलीला सांगू लागली, "हे मोठ्या मावशीचं नाव. हे मधल्या मावशीचं."

पोरीने विचारलं, "आईचं?"

माझा ब्रश थांबला. धाकटीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग ती पुढे झाली आणि त्या पांढऱ्या चौकटीवर हाताचा पंजा सपाट टेकवला.

"हे," ती म्हणाली. "हे आईचं. पेंटर मामानं ठेवलं."

काकींनी सकाळीच लावलेला चुना अजून ओला होता. तिने हात काढला तेव्हा भिंतीवर तिची पाच बोटं उमटली होती, वेलाच्या कळीला अगदी लागून. काकी चिंधी घेऊन पुसायला आल्या. मी त्यांना म्हटलं, राहू द्या.

आता दर दिवाळीला मी त्या पंज्याच्या कडाकडांनी, बोटाला चिंधी गुंडाळून, चुना लावतो.