मूळव्याधीची अंगठी

माझ्या सासूबाई येसूबाई कडेगावच्या मुलांच्या बोर्डिंगात भाकऱ्या करायच्या. मी त्यांना आत्या म्हणते. भाकरी थापताना त्यांच्या बोटातली लोखंडी अंगठी काठवटीवर टकटक वाजायची. घोड्याच्या नालेची अंगठी, मूळव्याधीवर रामबाण म्हणे. छप्पन साली बौद्ध धर्म घेतला तेव्हा त्यांच्या वडिलांनी, धोंडीबांनी, घरातले देव नदीत सोडले, ताईत-दोरे चुलीत घातले. ही अंगठी तेवढी राहिली. का, तर ते औषध, देव न्हवं! यावरून मी चिडवलं की आत्या डोळे वटारायच्या.

त्या घरात कुणाच्या पोटातून रक्त पडलं की ती मूळव्याधच ठरायची आणि अंगठी बोटात यायची. धोंडीबांनी घातली, ते गेले. आत्यांच्या थोरल्या भावानं, गुंडामामांनी घातली, तेही चाळिशीत गेले. मग रक्त पडायला लागलं म्हणून आत्यांनी ती भावजयीकडून मागून आणली. माणसं जात होती, तरी अंगठीवरचा विश्वास काही जाईना. मला आजही त्याचा संताप येतो.

शहाण्णव साली आत्या चक्कर येऊन काठवटीशेजारीच पडल्या. मी कुणाचं न ऐकता त्यांना सांगलीला, विश्रामबागेतल्या दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या आधी अंगठी काढायला सांगितली, तर आत्या मूठ उघडेनात.

"एवढी जपताय, कुणाची आहे?" डॉक्टर संयोगिताबाईंनी हसून विचारलं.

"माज्या बाची. मग भावाची. आता माजी."

"ते दोघे कशानं गेले?"

"ह्येच की. मूळव्याध आमच्या घरातच हाय."

संयोगिताबाईंचं हसू मावळलं. त्या कॉटवर बसल्या आणि कोण कितव्या वर्षी गेलं, कुणाचं पोट फुगलं होतं, सगळं खोदून खोदून विचारलं. ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात घालून जपून ठेवतात. त्यातला थोडा भाग आणि आत्यांचं रक्त त्यांनी मुंबईला, त्यांच्या एका संशोधक मैत्रिणीकडे पाठवलं. उत्तर यायला कित्येक महिने लागले. आम्ही जीव मुठीत धरून होतो.

उत्तर आलं तेव्हा बाईंनी आम्हाला समोर बसवलं. "येसूबाई, वाकळ शिवता ना? आपल्या प्रत्येक पेशीत एक मजकूर असतो, त्यात काही ठिकाणी तीच तीच अक्षरं परत परत येतात, वाकळेच्या टाक्यांसारखी. पेशी त्याची नक्कल काढते. टाका चुकला तर शरीर तो उसवून नीट करतं. तुमच्या गाठीत हे नीट करणारंच बिघडलंय. म्हणून टाके कुठं जास्त, कुठं कमी. याला मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता म्हणतात."

"म्हंजी लय वाईट?"

"उलट! अलीकडं असं दिसतंय की अशा गाठीची माणसं त्याच टप्प्यावरच्या इतर रोग्यांपेक्षा बरी जगतात. हमी देत नाही, पण आशा धरायला हरकत नाही."

"बया! चुकल्या टाक्याची वाकळच टिकती म्हणायची," आत्या म्हणाल्या. मला रडूच फुटलं.

"पण ही खोड रक्तातून पुढं गेलेली असू शकते," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "महेंद्रला घेऊन या. दुर्बिणीनं आतडं तपासू."

महेंद्र म्हणजे माझा नवरा, एसटीचा ड्रायव्हर. "मला काय धाड भरलीया?" म्हणाला. दुर्बीण कुठून घालतात हे कळल्यावर तर त्यानं विषयच बंद केला. मी भांडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी.

दिवाळीनंतर एका दुपारी तो बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. "आये, ती अंगठी दे की. तुला काय आता लागत न्हाई."

आत्यांचे हात पिठात थांबले. ती अंगठी त्या घरात कुणी हौसेनं मागितली नव्हती. "कवापास्नं पडतंय?" त्यांनी विचारलं. तो दाराकडे वळला.

"अंगठी न्हाई मिळायची. चल सांगलीला."

"उद्या ड्युटी हाय, आये."

"मग डेपोत यून समद्यांम्होरं सांगते तुला काय झालंय ते!"

मी शिकवते त्या शाळेच्या दारात दोघं मला घ्यायला आली, तेव्हा त्याच्या खाकी शर्टाच्या कॉलरवर आत्यांच्या बोटांचं पीठ होतं. धरूनच आणला होता बाईनं!

गाठ निघालीच, पण लहान, आतड्याबाहेर न गेलेली. ऑपरेशन करून ती काढून टाकली. "वर्षभर थांबला असतात तर गोष्ट वेगळी होती," असं संयोगिताबाई म्हणाल्या, तेव्हा मी आत्यांचा हात घट्ट धरून ठेवला. त्या बाईंचे आणि माझ्या सासूचे उपकार मी कशानं फेडणार? आता मायलेक दर वर्षी तपासणीला जातात. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिताना कोण जास्त तोंड वाकडं करतं, यावर त्यांची चढाओढ लागते.

अंगठी आत्यांनी लोहाराकडे दिली. एवढ्याशा लोखंडाचा केवढा खिळा होणार! पण झाला, आणि तो त्यांनी स्वतः चुलीजवळच्या भिंतीत ठोकला. संध्याकाळी महेंद्र ड्युटीवरून येतो आणि त्या खिळ्याला खाकी शर्ट अडकवतो. आत्या आधी शर्टाकडे बघतात, मग तव्यावर भाकरी टाकतात.