वजनाप्रमाणे हवा

काल मंदार माझ्या नवऱ्याची, शिरीषची सायकल न्यायला आला. शिरीषबरोबर तो वर्षानुवर्षं डोंगरात सायकल चालवायचा, म्हणून मीच त्याला बोलावलं होतं. तो सीटवर बसला आणि सायकल एकदम खाली दबली.

"वहिनी, सस्पेन्शनमध्ये हवा फारच कमी आहे."

मला ते ठाऊक होतं.

शिरीषने ही सायकल फ्रेमवर भाळून घेतली होती. हँडलपाशी सुरू झालेली रेघ कुठेही न मोडता मागच्या चाकापर्यंत कशी उतरते, हे तो आल्यागेल्याला बोट फिरवून दाखवायचा. मागच्या सस्पेन्शनमधली, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळीतली हवा मात्र बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ठेवावी लागते. जास्त झाली, तर प्रत्येक दगड अंगाला लागतो.

आजारपणात डोंगर सुटला, तरी अधूनमधून तो मला हँडल धरायला लावून सायकलवर बसायचा. ती दबत नाही असं दिसलं, की थोडी हवा सोडायचा आणि पुन्हा बसायचा.

"आता बरोबर झालं," म्हणायचा.

वजनकाट्यावर उभं राहायला तो कधीच तयार नसे. शेवटी शेवटी तर माझ्या नुसत्या हाताच्या दाबानेही सीट खाली जायची.

"हवा भरू ना?" मंदारने विचारलं. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो माझ्याकडे बघत नव्हता.

"भर," मी म्हटलं. "तुझ्या वजनाची भर."

आणि पंपाचा आवाज सुरू व्हायच्या आत मी घरात गेले.