जानकीला उशीर का होत होता

“बाई, मुलगी मंद आहे. तेवढं लिहून द्या, म्हणजे यंदा तिला सातवीच्या परीक्षेला बसवायचा प्रश्नच नाही,” हेडमास्तर मला म्हणाले.

जानकी दाराशीच उभी होती. तिने सगळं ऐकलं. परीक्षा नाही म्हणजे शाळा बंद आणि आईबरोबर बोंबील सुकवणं सुरू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मुलांनो, तेव्हा, म्हणजे साठच्या दशकात, मी मुंबईच्या एका संशोधन विभागात असिस्टंट होते. दोन भाषा बोलणाऱ्या मुलांच्या डोक्यात काय चालतं, ते आम्ही तपासत होतो. तारापूरच्या किनाऱ्यावरची मुलं घरी कोळ्यांची बोली बोलत आणि तिथल्या वीजकेंद्राच्या बांधकामावरच्या मजुरांशी हिंदी. पद्धत साधी होती. मी चित्राचं कार्ड दाखवायची. कड निळी असली तर नाव घरच्या बोलीत सांगायचं, लाल असली तर हिंदीत. लागलेला वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा. भाषा बदलताना थोडा जास्त वेळ लागतो. तो किती, हे आम्हाला हवं होतं.

जानकीला प्रत्येक कार्डाला उशीर व्हायचा, भाषा बदलो न बदलो. उत्तर मात्र एकही चुकत नव्हतं. मला ते खटकलं.

बोईसरहून मी मुंबईला आमच्या विभागप्रमुख सरांना ट्रंककॉल केला.

“किनाऱ्यावरची सगळीच मुलं हळू आहेत,” सर म्हणाले. “दोन भाषांचं ओझं. रिपोर्ट पाठवा.”

“दोन दिवस द्या, सर.”

“एक.”

सकाळी मी जानकीच्या घरी गेले. तिची आई हिराबाई अंगणात विळीवर मासे कापत होती. एक मजूर सुकट मागायला आला. जानकी आईसमोर जाऊन गप्प उभी राहिली. आईने मान वर केली, तशी ती एका दमात बोलली, उत्तर ऐकलं आणि वळून मजुराला हिंदीत सांगून मोकळी झाली.

“आधी गप्प का उभी होतीस गं?” मी विचारलं.

“आई खाली बगत व्हती ना. विळीवरच्या माणसाशी बोलायचा नाय. हात कापतो.”

“आणि शाळेत?”

ती लाजली. “तुमी पन खालीच बगत व्हत्या. घड्याळात.”

हिराबाई खो खो हसली. “काय वो बाई, घड्याळावर मासं कापता काय?”

खरंच होतं. कार्ड दाखवलं की मी मान खाली घालून काटा बघायची. मी वर बघेपर्यंत ती शहाणी मुलगी थांबायची. किनाऱ्यावरच्या साऱ्याच घरांत हे वळण होतं.

न बघता अंगठ्याने बटण दाबायची मी तासभर सवय केली. मग हेडमास्तरांसमोर पुन्हा चाचणी घेतली, या वेळी जानकीच्या डोळ्यांत बघत. एकाही कार्डाला उशीर झाला नाही.

“काल घड्याळ बिघडलं असेल,” हेडमास्तर म्हणाले.

“घड्याळ ठीक होतं. मी चुकत होते. तिला परीक्षेला बसवा.”

सरांनी फोनवर एवढंच विचारलं, “मग किनाऱ्यावरची बाकीची मुलं?”

“सगळी पुन्हा मोजावी लागतील.”

“मोजा,” सर म्हणाले.

मोजली. ओझंबिझं काही निघालं नाही. जानकी पास झाली आणि पालघरच्या हायस्कुलात गेली.

आमच्या तक्त्यात ‘मुलाच्या चुका’ असा एक रकाना असे. त्याच्या शेजारी मी ‘मोजणाऱ्याच्या चुका’ असा दुसरा आखला. पुढे जितकी वर्षं काम केलं, तो कधी रिकामा राहिला नाही.